५९० रुपयांची बाकी

२०२२ च्या जून महिन्यात मी चाकणच्या एका बँकेत होम लोनच्या टेबलासमोर बसलो होतो. पगार व्यवस्थित, तीन वर्षांचे फॉर्म सोळा, बँक स्टेटमेंट, बिल्डरचे कागद, सगळं फाईलला लावून नेलेलं. साहेबांनी पॅन नंबर टाकला, थोडा वेळ स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाले, "सिबिल स्कोअर ६४१ आहे. आणि इथं एक क्रेडिट कार्ड सेटल्ड दिसतंय, ते काय होतं?" मला पटकन आठवेचना. कर्ज म्हणून मी आयुष्यात कधी काही घेतलेलं नव्हतं, मोटारसायकल सुद्धा रोखीने घेतली होती. मग त्यांनी वर्ष सांगितलं आणि पोटात खड्डा पडला.

गोष्ट २०१६ च्या नोव्हेंबरची. नोटाबंदी होऊन दहा-बारा दिवस झालेले, एटीएमबाहेर रांगाच रांगा, आणि आमच्या कंपनीच्या कॅन्टीनबाहेर एका बँकेच्या पोरांनी टेबल मांडलेलं. सर कॅशचं टेन्शनच नाही, कार्ड घ्या, लाइफटाइम फ्री आहे, फक्त पॅन आणि सॅलरी स्लिप द्या. आमच्या शिफ्टमधल्या बऱ्याच जणांनी घेतलं, मी पण घेतलं. फॉर्मवर सह्या केल्या, पण मागचं बारीक अक्षर वाचलं नाही. कार्ड आलं, मोशीच्या पंपावर एकदा बाराशेचं पेट्रोल भरलं, बिल आलं ते भरलं आणि कार्ड कपाटात टाकलं. पुढच्या वर्षी मी भोसरीची रूम सोडून चाकणला आलो, त्याच सुमारास जुना मोबाईल नंबर पण बंद केला, नवीन घेतला. बँकेला यातलं काही कळवलं नाही, कारण ते कार्ड आहे हेच डोक्यात नव्हतं.

ते लाइफटाइम फ्री नव्हतं, पहिलं वर्ष फ्री होतं. २०१७ च्या नोव्हेंबरात वर्षाची फी लागली, ५०० रुपये आणि वर १८ टक्के जीएसटीचे ९०, असे ५९०. बिल गेलं भोसरीच्या पत्त्यावर, मेसेज गेला बंद नंबरवर. पुढच्या महिन्यात लेट फी, तिच्यावर जीएसटी, बाकीवर व्याज, व्याजावर परत जीएसटी, आणि असं दर महिन्याला चढत चढत, वर्षानं दुसरी फी पण त्यातच, २०१९ च्या मध्यापर्यंत त्याचे ९,१४० रुपये झाले.

हे मला कसं कळलं, तर अण्णांच्या दुकानात फोन गेला म्हणून. कार्डाच्या फॉर्मवर रेफरन्स म्हणून मी घरचा नंबर दिलेला. आमच्या अण्णांचं कराडजवळ किराणा दुकान होतं, चाळीस वर्षं त्यांनी लोकांना उधारी दिली आणि स्वतः कुणाचा रुपया ठेवला नाही, आणि त्यांना भर दुकानात, गिऱ्हाईक समोर उभं असताना एक माणूस फोनवर सांगतोय की तुमचा मुलगा डिफॉल्टर आहे. अण्णांनी संध्याकाळी मला फोन केला, ओरडले नाहीत, एवढंच विचारलं, "कुणाचं देणं र्‍हायलंय का तुझं?" मला ते आजही नीट सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या वसुलीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, सर एवढं कशाला भरताय, ४,००० टाका, सेटल करून टाकतो, लेटर पण देतो, विषय कट. मी तेवढ्या रागात आणि घाईत होतो की लगेच भरले. लेटर आलं, मी ते फाईलला लावलं, अण्णांना सांगितलं की मिटलं. आणि मिटलं नव्हतं, हे तीन वर्षांनी चाकणच्या त्या टेबलावर कळलं.

म्हणून हे पोस्ट लिहितोय. कार्ड घेऊ नका असं मला अजिबात म्हणायचं नाही, मी आज दोन कार्डं वापरतो. पण क्रेडिट कार्डाचा आणि सिबिलचा, म्हणजे आपण उधारी कशी फेडतो याच्या रिपोर्टाचा आणि स्कोअरचा, संबंध काय, तो कसा बनतो आणि कसा बिघडतो, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर माझी दोन वर्षं वाचली असती.

आधी सेटलमेंटचं. सेटल्ड म्हणजे फिटलं असं नाही. ९,१४० पैकी ४,००० भरले म्हणजे बँकेने ५,१४० सोडून दिले, आणि रिपोर्टात ते तसंच लिहिलं जातं. पुढची बँक वाचते की या माणसाने पूर्ण पैसे दिले नव्हते, तडजोड केली होती. पूर्ण भरून बंद झालेल्या खात्यासमोर क्लोज्ड लिहिलेलं असतं, आणि या दोन शब्दांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. वसुलीवाला हे सांगत नाही, त्याचं काम वसुली आहे. तुम्हाला कुणी सेटलमेंटची ऑफर दिली आणि अगदीच नाइलाज नसेल, तर हप्ते मागून घ्या, लेट फी माफ करा म्हणून भांडा, पण कागदावर सेटलमेंट हा शब्द येऊ देऊ नका.

त्या आठवड्यात मी गावी गेलो ते रिपोर्टची प्रिंट घेऊन. अण्णा तेव्हा दुकानात फारसे बसत नव्हते, पण त्या दिवशी होते. चष्मा लावून त्यांनी ते कागद काउंटरवर पसरले आणि बोट ठेवून बघायला लागले. रिपोर्टात प्रत्येक खात्याखाली महिन्यांचे चौकोन असतात, जास्तीत जास्त छत्तीस महिन्यांचे, आणि प्रत्येक चौकोनात त्या महिन्यात हप्ता किती दिवस थकला होता तो आकडा. वेळेत भरलं असेल तर तीन शून्य. माझ्या चौकोनांत ०३०, ०६०, ०९१ असं चढत गेलेलं. मी समजावून सांगायच्या आधीच अण्णा म्हणाले, "ही वहीच की रं."

आणि खरंच वहीच आहे. अण्णांच्या दुकानात लाल कापडी पुठ्ठ्याची उधारीची वही असायची, एका गिऱ्हाइकाला एक पान, डाव्या बाजूला जमा, उजवीकडे नावे, म्हणजे उधार. अण्णा म्हणाले की मी माणूस श्रीमंत आहे का हे कधी बघितलंच नाही, कारखान्याचा पगार सात तारखेला झाला की जो आठ तारखेला पायरी चढायचा, मग तो दोनशे देवो नाहीतर दोन हजार, त्याला मी डोळे झाकून माल दिला. आणि मोठ्या वाड्यातला एक होता, पैसे बुडवले नाहीत कधी, पण दर वेळी चार चकरा मारायला लावायचा, त्याला हात आखडूनच. सिबिल नेमकं हेच करतं. तुमच्या पगारावर स्कोअर ठरत नाही, रिपोर्टात बँकेतली शिल्लक नसते, एफडी नसते. असतं ते एवढंच की घेतलं किती, दिलं कधी, किती जुनं पान आहे, आणि अलीकडे किती दुकानांत उधारी मागत फिरलात.

सिबिल हा आपल्याकडे आता सरळ मराठी शब्दच झालाय. पीककर्जाला सिबिल मागू नका म्हणून मुख्यमंत्र्यांना बँकांना बजावावं लागतं, म्हणजे चावडीपर्यंत पोचलेला शब्द आहे. पण ते एका कंपनीचं नाव आहे, २००० साली सुरू झालेली, आता ट्रान्सयुनियन सिबिल म्हणतात. तशा चार कंपन्या आहेत, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या बाकीच्या तीन. सगळ्यांचा स्कोअर ३०० ते ९०० मध्ये, आणि साधारण ७५० च्या पुढे असलं की बँकेत माणूस नीट बोलतो. वर्षातून एकदा प्रत्येक कंपनीने तुम्हाला पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, २०१७ पासून. म्हणजे वर्षात चार रिपोर्ट एक रुपया न देता मिळतात. स्वतः स्वतःचा रिपोर्ट बघितला की स्कोअर कमी होतो असं लोक सांगतात, ते खोटं आहे. बँकेने कर्जासाठी बघितला तर त्याची नोंद होते, आपण बघितला तर काही होत नाही.

आता मी ते निस्तरलं कसं. वकील लागला नाही, आणि फोनवर स्कोअर वाढवून देतो म्हणणारे एजंट असतात ना, पाच-दहा हजार मागतात, त्यांच्या नादी लागायचं काही कारण नाही, कारण रिपोर्टातली खरी नोंद कुणी पुसू शकत नाही. मी त्या कार्डाच्या बँकेला मेल केला की सोडून दिलेली ५,१४० ची रक्कम मला भरायची आहे, मला खातं क्लोज्ड करून हवंय. पहिल्या दोन मेलना छापील उत्तरं आली. तिसरा मेल मी त्यांच्या नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे तक्रारी बघणाऱ्या वरच्या साहेबांना केला, जुनं सेटलमेंट लेटर जोडून. मग फोन आला, लिंक आली, पैसे भरले आणि एनओसी मागितली, म्हणजे आता काही देणं नाही असा कागद. गावाकडे सोसायटीचा बेबाकी दाखला असतो ना, तेच हे. हा कागद हातात आल्याशिवाय कुठल्याही बँकेचा पिच्छा सोडू नका. त्यानंतर सिबिलच्या साईटवर डिस्प्यूट, म्हणजे नोंद बदला अशी तक्रार, टाकला. सिबिल स्वतःहून काही बदलत नाही, ते बँकेला विचारतात आणि बँक हो म्हणाली की बदलतात, तीस दिवसांत व्हायला पाहिजे. माझं झालं. सेटल्ड जाऊन क्लोज्ड आलं. आता तर २०२४ च्या एप्रिलपासून असा नियम आहे की तीस दिवसांत तक्रार निकाली निघाली नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची. आणि बँक ऐकतच नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, त्याला पैसे लागत नाहीत.

पण क्लोज्ड झालं म्हणून चौकोनातले थकलेले आकडे जात नाहीत. त्यावर उपाय एकच, पुढे चांगले चौकोन भरत जाणं. आणि त्यासाठी कुणीतरी उधार द्यायला हवं, जे मला कुणी देत नव्हतं. इथं मला एफडीवरच्या कार्डाचा खूप उपयोग झाला. २५,००० ची एफडी केली आणि तिच्यावर २०,००० लिमिटचं कार्ड मिळालं. बँकेला धोका नाही म्हणून स्कोअर फारसा बघत नाहीत, एफडीवर व्याज चालू राहतं, फक्त कार्ड आहे तोवर ती मोडता येत नाही. पण सिबिलला त्याची नोंद साध्या कार्डासारखीच जाते. मी त्यावर फक्त पेट्रोल आणि मोबाईलचे रिचार्ज टाकले, महिन्याला तीन-चार हजार, आणि बिल आलं की पूर्ण भरायचं. दुसरं काही केलं नाही. दीड वर्षात ७३८ झाला, २०२४ ला परत लोन टाकलं तेव्हा ७६१ होता आणि लोन झालं. मधल्या काळात त्याच स्कीममधल्या फ्लॅटचा भाव वाढला तो वाढलाच, त्याला इलाज नाही.

लिमिट किती वापरता यालाही महत्त्व आहे आणि हे मला फार उशिरा कळलं. समजा लिमिट ५०,००० आणि तुम्ही ४५,००० वापरले आणि बिल आल्यावर सगळे भरले, एक रुपया व्याज नाही, तुम्हाला वाटतं मी आदर्श गिऱ्हाईक आहे. पण बँक ज्या दिवशी सिबिलला माहिती पाठवते त्या दिवशी खात्यावर ४५,००० दिसले तर रिपोर्टात हा माणूस नव्वद टक्के लिमिट खाऊन बसलाय असंच दिसणार. तीस टक्क्यांच्या आत ठेवा असं सगळे सांगतात, तो काही कायदा नाही, पण अंदाज म्हणून चांगला आहे. मोठा खर्च झाला, टीव्ही घेतला समजा, तर बिल बनायची वाट न बघता आधीच थोडे भरून टाकायचे. २०२५ च्या जानेवारीपासून बँकांना निदान दर पंधरा दिवसांनी माहिती पाठवणं सक्तीचं झालं, त्यामुळे चांगलं आणि वाईट दोन्ही लवकर दिसतं.

आता ज्याच्याबद्दल मला सगळ्यात जास्त तळमळ आहे ते मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली त्या महिन्याला कमीत कमी भरायची रक्कम. आमच्या लाईनवर एक पोरगा आहे, हुशार, कष्टाळू, बहिणीच्या लग्नात कार्डावर ४०,००० झाले. ॲपमध्ये बिल भरायला गेलं की टोटल ड्यू, मिनिमम ड्यू असे पर्याय येतात आणि तो बिचारा मिनिममवर टिक करून दर महिन्याला २,००० भरायचा, आणि मला म्हणाला दादा माझा एक पण हप्ता चुकला नाही. खरंच चुकला नव्हता. मग आम्ही जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनच्या टेबलावर कागद घेऊन बसलो. महिन्याला साडेतीन टक्के व्याज, ४०,००० वर १,४००. त्यावर १८ टक्के जीएसटी, २५२. झाले १,६५२. म्हणजे त्याच्या २,००० मधले मुद्दलात जात होते साधारण ३४८ रुपये. आणि बाकी पूर्ण फिटत नाही तोवर नवीन खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, दूध-भाजी जे काही कार्डावर घेतलं त्यावर त्याच दिवसापासून व्याज. तो कागद हातात धरून पोरगा बराच वेळ गप्प बसला. मी त्याला म्हणालो कार्ड आधी खिशातून काढ, वापर बंद, आणि ही बाकी बँकेला सांगून ईएमआयमध्ये कर नाहीतर पगारावर पर्सनल लोन काढून फेड, ते सुद्धा याच्या निम्म्याहून कमी व्याजात पडतं. त्याने तसंच केलं, चौदा महिन्यांत मोकळा झाला.

आणि हे व्याज कुणीतरी कमी करेल या आशेवर राहू नका. २००८ ला राष्ट्रीय ग्राहक आयोगाने वर्षाला तीस टक्क्यांच्या वर कार्डाचं व्याज लावणं ही अनुचित व्यापार प्रथा ठरवली होती, पण २० डिसेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने तो निकाल रद्द केला. साडेतीन टक्के महिन्याला म्हणजे वर्षाचे बेचाळीस. गावात सावकार एवढं व्याज लावतो तेव्हा आपण त्याला काय म्हणतो?

कार्डावरून एटीएममधून पैसे काढू नका, हे एका वाक्यात संपवतो, काढल्या दिवसापासून व्याज आणि वर वेगळी फी. ऑटोपे लावला असेल तर तो टोटल ड्यूवर आहे का मिनिममवर, हे आजच उघडून बघा. पत्ता किंवा नंबर बदलला तर पहिला फोन कार्डाच्या बँकेला.

नियम आता पुष्कळ सुधारलेत हे पण सांगायला हवं. रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे कार्डाचे नियम मला २०१७ मध्ये मिळाले असते तर हे सगळं घडलं नसतं असं मला राहून राहून वाटतं. आता न मागता कार्ड देता येत नाही, आपल्या परवानगीशिवाय लिमिट वाढवता येत नाही, कार्ड चालूच केलं नसेल तर त्याची नोंद सिबिलला पाठवता येत नाही, आणि डिफॉल्टर म्हणून कळवायच्या आधी सात दिवसांची नोटीस द्यावी लागते. कार्ड बंद करायचा अर्ज केला आणि बाकी काही नसेल तर सात कामाच्या दिवसांत बंद केलंच पाहिजे, नाहीतर दिवसाला ५०० रुपये दंड बँकेने आपल्याला द्यायचा. म्हणून जुनं, न वापरलेलं, फीवालं कार्ड कपाटात पडलं असेल तर एकतर फी माफ करून घ्या नाहीतर लेखी बंद करा. फी नसलेलं जुनं कार्ड मात्र बंद करू नका, महिन्याला एखादं रिचार्ज त्यावर करत राहा, तेवढं जुनं पान असणं फायद्याचं असतं.

बायकोची गोष्ट वेगळीच. ती शाळेत आहे, बारा वर्षं नोकरी, कधी कुणाकडे पाच रुपये मागितले नाहीत, आणि होम लोनला जोडीने अर्ज करताना तिचा स्कोअर बघितला तर स्कोअरच नाही, एनएच, म्हणजे नो हिस्ट्री. तिला फार लागलं ते. मी कर्ज बुडवलं माझा आकडा आहे, आणि हिने कधी काही बुडवलं नाही हिचं नावच नाही. अण्णांना विचारलं तर ते म्हणाले आमच्याकडे पण रोखीवाल्याचं पान नसायचंच वहीत. शिंप्याचा एक म्हातारा होता, तीस वर्षं रोखीने माल नेला, लेकीच्या लग्नात पहिल्यांदा उधारी मागायला आला, आणि अण्णांनी त्याला काही न लिहिता गाडीभर माल दिला, कारण माणूस डोळ्यासमोरचा होता. बँकेला आपण डोळ्यासमोरचे नसतो. सरकारने २०२५ मध्ये लोकसभेत सांगितलंय की पहिल्यांदा कर्ज घेणाऱ्याला फक्त स्कोअर नाही म्हणून नाकारू नका असं रिझर्व्ह बँकेने बँकांना कळवलंय, चांगलंच आहे, पण बँक बाकी चौकशी करणारच आणि तेव्हा पान असलेलं बरं.

म्हणून तिच्या नावाने पण एफडी केली आणि तिच्या स्वतःच्या नावावर कार्ड घेतलं, माझ्या कार्डावरचं जादा, ॲड-ऑन कार्ड नाही, कारण मला तिचं पान वेगळं हवं होतं. पहिलं बिल १,८७४ रुपयांचं आलं, किराणा आणि वीजबिल. ती रात्री जेवण झाल्यावर मोबाईल घेऊन बसली, टोटल ड्यूवर टिक केली, मला दाखवली, आणि मग भरलं. सहा-सात महिन्यांनी तिचा रिपोर्ट काढला तर एनएच जाऊन तिथं ७४४ आलं होतं, आणि खाली एका ओळीत सगळे चौकोन तीन शून्यांचे. तिने त्याचा स्क्रीनशॉट काढून अण्णांना पाठवला.